गाडी आपली वाटली पायजे

"काहीही टाका, पण गाडी आपली वाटली पायजे," भाचा म्हणाला आणि दुकानदारानं मान डोलावून कॅलक्युलेटर जवळ ओढला. त्याच्या कानांना हे वाक्य सवयीचं असावं. माझ्या डोक्यात मात्र ते अडकून बसलं. गाडी आपलीच होती की! आरसी भाऊजींच्या नावावर होऊन आली होती, पैसे चुकते झाले होते, ताईनं चाकांखाली लिंबं ठेवून आणि बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून तिला ओवाळून घेतलं होतं. गावभर पेढे वाटून झाले होते. मग आपलं व्हायचं आणखी राहिलं काय होतं? यवतमाळच्या त्या दुकानात, छताला टांगलेल्या स्टिअरिंग कव्हरांच्या खाली, नव्या रेक्झिनच्या वासात बसून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मिसरूड नुकतं फुटलेलं, लायसन्सवरच्या फोटोत अजून शाळकरीच दिसणारं पोरगं. हात मात्र असे मागे बांधलेले, जणू पाच गाड्या विकून सहावी घ्यायला आलाय.

मला सोबत पाठवलं होतं भाऊजींनी. "तू चालवते, तुले समजते. त्याले एकट्याले पाठवलं तं दुकानवाला लुटून घेईन." गाडी नागपूरहून आणलेली, दहा-बारा वर्षं वापरलेली, छोटी, पांढरी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या त्या गावात पहिली चारचाकी बहुतेक अशीच येते, कोणाच्या तरी हाताखालून निघालेली. तिच्या मागच्या काचेवर नागपूरच्या कुठल्याशा शाळेचं पार्किंगचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं होतं. डॅशबोर्डवरचा गणपती जुन्या मालकानं काढून नेला होता, डबल टेपचा चौकोन तेवढा राहिला होता. सीटच्या फटीत एक हेअरपिन सापडली, कप्प्यात होमिओपॅथीची रिकामी बाटली. ताईनं हेअरपिन उचलून फेकली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्याच्या घरात राहायला आल्यासारखी ती पहिले काही दिवस गाडीत अंग चोरून बसायची.

भाऊजींना गाडी हवी होती ती रात्री-बेरात्री दवाखान्यात जायला. गावात कोणाला साप चावला, कोणाची कळ सुरू झाली की यवतमाळ गाठेपर्यंत काय हाल होतात हे त्यांनी पाहिलेलं. सोयाबीन विकलं, थोडा कापूस विकला, थोडं सोसायटीचं देणं राहू दिलं, आणि गाडी आणली. भाच्याला ती कशासाठी हवी होती हे त्याच्या फोनमधल्या यादीवरून कळत होतं. एलईडी हेडलाइट. काळी फिल्म. अलॉयची चाकं. सायलेन्सर बदलायचा. प्रेशर हॉर्न. डिक्कीत वूफर. पुढे बुलगार्डच्या लोखंडी दांड्या. आणि नंबर प्लेटवर आकडे असे लिहायचे की दुरून ‘दादा’ वाचलं जावं. रील बघून बघून केलेली यादी. तीत ब्रेक नव्हते, वायपर नव्हते, टायर तर नव्हतेच.

खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं कायद्यानं गुन्हा आहे, आणि हे दुकानदाराला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. कंपनीनं जशी गाडी बनवली त्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही, असं मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद आली. बुलगार्ड काढायला लावा, असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. तरी दुकानाच्या दारात चकचकीत बुलगार्ड उभे होते. ग्राहकानं विचारलं की दुकानदार म्हणतो, "नाक्यावर पकडत नाही कोणी." कंपनीनं बनवली तशीच राहिलेली एक तरी वस्तू आमच्या गावात दाखवा म्हटलं तर मला सापडणार नाही. ट्रॅक्टरला छत्री बसवलेली, मोटरसायकलला दुधाच्या कॅनचे आकडे वेल्ड केलेले, कूलरच्या टपाला फवारणीचा पंप जोडलेला. कागदावरचा कायदा आणि गावचा वेल्डर यांची गाठभेट क्वचितच होते.

आमच्या घरी गाडी नव्हती, बैलबंडी होती. बाबा बाजारातून बैल आणायचे तेही वापरलेलेच, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात दोन-चार हंगाम काढलेले. अंगावर जुन्या मालकाचा डाग असायचा. बाबा बैल दारात आला की पहिल्यांदा त्याची दोरी बदलायचे. जुनी मोरकी काढून नवी घालायची, मग नाव बदलायचं. पवळ्याचा राजा व्हायचा आणि आठ दिवसांत त्या नावाला कान टवकारायला लागायचा. पोळ्याला तर विचारू नका. शिंगांना हिंगूळ, त्यावर बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर आरशांची झूल. घराचं कवेलू गळत असायचं आणि बाबा यवतमाळहून झूल आणायचे. आई दोन दिवस बोलायची नाही. तोरणाखाली बैल उभे राहिले, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या की बाबांची छाती अशी फुगायची की त्या दोन दिवसांच्या अबोल्याचं त्यांना काही वाटत नसावं. शंकरपटवाल्यांचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीवाल्यांचं, तर आणखी पुढे. तळेगाव दशासरच्या पटात धावणारी छकडी आमच्या बंडीसारखी नसते, जिथे वजन काढता येईल तिथून काढलेली असते. २०१४ मध्ये न्यायालयानं पट थांबवले, डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरती परवानगी दिली आणि २०२३ मध्ये ती कायम केली. मधल्या वर्षांत ज्यांनी छकड्या छताला टांगून ठेवल्या पण मोडल्या नाहीत, अशी माणसं मला माहीत आहेत. तेव्हा भाच्याच्या यादीला हसण्याचा अधिकार आमच्या घराण्याला तरी नाही.

पण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जू घासून घासून घट्टे पडलेल्या खांद्यांना बाबा स्वतः तूप-हळद चोळायचे, हळूहळू, बैलाचं कातडं थरथरायचं थांबेपर्यंत. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." झूल दुसऱ्या दिवशी.

दुकानात माझ्या तोंडून निघालं, "आधी टायर पाहू."

"टायर चांगले आहेत मावशी. नक्षी पाह्य ना."

नक्षी होती. कायद्याला हव्या असलेल्या १.६ मिलिमीटरपेक्षा नक्कीच जास्त होती. म्हाताऱ्या जोडप्याची गाडी, फिरलीच कमी. पण टायरच्या कडेला बारीक भेगा होत्या, सुकलेल्या काळ्या रानात पडतात तशा. मी त्याला खाली वाकायला लावलं आणि डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाचायला सांगितले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या दोन्ही टायरांवर २२१४ होतं. २०१४ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेलं रबर. "तू तेव्हा तिसरी-चौथीत असशील," मी म्हटलं. त्याला हे आवडलं नाही, पण आकडे वाचायचा नाद मात्र लागला. नंतर बाहेर उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे टायर तो वाकून वाकून वाचत सुटला, आणि एका टॅक्सीवाल्याला "काका, तुमचे २०१६ चे आहेत" असं सांगून शिवी खाऊन आला.

टायरचा हट्ट मी धरला त्याला कारण होतं. मित्रांबरोबर ‘एकदा समृद्धीवर खेचून येऊ’ असं चाललेलं मी घरी ऐकलं होतं. कारंज्यातून चढलं की समोर सरळ पट्टा, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, ताशी १२० ची परवानगी. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, सिमेंटचा रस्ता तापून वरची हवा हलताना दिसते, आणि त्यावर जुनं, हवा कमी असलेलं रबर एकसारखं वाकत, तापत जातं. कमी हवेचा टायर जास्त तापतो ही गोष्ट पोरांना उलटी वाटते. त्यांना वाटतं उन्हाळ्यात हवा कमी भरावी म्हणजे फुटणार नाही. पंक्चरवालेही हेच सांगतात. दाराच्या चौकटीवर कंपनीनं चिकटवलेला हवेचा तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना तेवढी हवा भरायची, एवढंच त्यात आहे. शेवटी मागचे दोन टायर बदलले. दुकानदार नवी जोडी पुढे घालत होता, मी मागे घालायला लावली. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर कळतं तरी, मागचं घसरलं तर गाडी फिरून उभी राहते. भाऊजींनी दिलेल्या पैशातले अर्धे तिथेच संपले.

अलॉयचं स्वप्न मग आपोआपच मिटलं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण अलॉय दिसतात सुंदर हे खोटं नाही. पण रुंद अलॉय, वर पातळ टायर, आणि आमचा गावाकडचा रस्ता! खड्ड्यात आपटलं की अलॉयला तडा जातो. लोखंडी रिम वाकली तर फाट्यावरचा पंक्चरवाला हातोडीनं ठोकून गोल करून देतो, चहाच्या पैशात. त्याऐवजी पोरानं चंदेरी व्हील कॅप घेतल्या, चार. दुरून अलॉयच वाटतात. जवळ आलं की त्या पकडून ठेवणारे प्लॅस्टिकचे टाय दिसतात.

हेडलाइटवर मात्र आमचं खरं भांडण झालं.

दारव्हा-यवतमाळ रस्त्यानं रात्री ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना पोराचा हट्ट कळेल. चंद्र नसला की दोन्ही बाजूंची तूर नुसती काळी भिंत. त्यातून रोही निघतो. घोड्याएवढं जनावर, उजेड पडला की पळायचं सोडून तिथंच उभं राहतं. रानडुकरांची तर रांग असते, पहिलं गेलं म्हणून गाडी पुढे काढावी तर मागून पाच येतात. आणि जनावरांपेक्षा भीती वाटते कापसाच्या ट्रॉलीची. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, गाठोडी दोन्हीकडून बाहेर आलेली, समोरून येणाऱ्यानं डिपर मारला नाही तर ती दिसतच नाही. अशा रस्त्याला जुन्या गाडीचा पिवळट उजेड म्हणजे काडी पेटवून विहिरीत बघणं. तेव्हा जास्त उजेड हवा हे त्याचं म्हणणं मला मान्यच होतं. तो कसा हवा एवढाच प्रश्न होता.

दुकानदारानं एलईडीचा बल्ब लावून भिंतीवर दाखवला. भिंत पांढरीफेक. पोरगं हरखलं. पण जुन्या गाडीच्या दिव्याची आतली वाटी हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेली असते. तार जिथे जळते त्या नेमक्या बिंदूचा हिशोब धरून. तिथे एलईडीचा चपटा तुकडा बसवला की उजेड भरपूर निघतो आणि वाट्टेल तिकडे जातो. आपल्या रस्त्यावर कमी, समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांत जास्त. तो आंधळा होऊन कुठे जाईल? आपल्याच अंगावर. "तर मग १००/९० टाका," दुकानदार म्हणाला. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा. मोठा बल्ब जुन्याच वायरींवर लावला की स्विच तापतो, होल्डर वितळतो, रिले आणि जाड वायर वेगळी ओढावी लागते, आणि इतकं करूनही तो रस्त्यावर चालवायला परवानगी नाही ती नाहीच.

तोडगा दुकानाबाहेर बसलेल्या म्हाताऱ्या वायरमननं काढला. त्यानं आधी दिव्याच्या काचेवर बोट फिरवलं. आपण काच म्हणतो, असतं ते प्लॅस्टिक, आणि उन्हानं ते पिवळं, धुरकट होतं. "दिवा चांगला आहे, चश्मा खराब झाला," तो म्हणाला. पाणी टाकत वॉटर पेपरनं घासलं, मग आणखी बारीक पेपर, मग पॉलिश. अर्ध्या तासात दिवे निवळशंख. नवे बल्ब कंपनीच्याच वॅटचे टाकले. मग गाडी भिंतीसमोर उभी करून मागच्या स्क्रूनं झोत खाली-वर करून दिला. एक दिवा झाडाकडे बघत होता इतके दिवस, तो रस्त्याकडे आणला. मजुरी इतकी थोडी सांगितली की मला ओशाळल्यासारखं झालं. भाचा हिरमुसला होता. गाडी दिसायला जशीच्या तशीच होती ना! रात्री परतताना बोरी अरबच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला लकाकणारे दोन डोळे त्याला बरेच आधी दिसले. तो काही बोलला नाही, वेग मात्र कमी केला.

काळ्या फिल्मबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं काचांवर फिल्म चिकटवायला बंदी केली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे हा नियम त्याआधीचाच. कारण गुन्हेगारीचं होतं आणि ते पटतंही. पण हा निर्णय मे महिन्यात दुपारी दोन वाजता वणीच्या बसस्टँडबाहेर गाडी लावून बसलेल्या माणसाला वाचून दाखवावा. स्टिअरिंगला हात लावता येत नाही, सीट बेल्टचा लोखंडी तुकडा मांडीला लागला की चटका बसतो. आम्ही लिंबाखाली गाडी लावतो, स्टिअरिंगवर दुपट्टा टाकतो, आधी चारही दारं उघडून आतली भट्टी बाहेर काढतो. पोरगं फिल्मवर अडून बसलं नाही, त्याला दंडाची भीती वाटली. मला वाटलं, बरंच झालं. आणि मग घरी येईपर्यंत खिडकीतून ऊन माझ्याच गालावर येत राहिलं.

बाकीचं झटपट उरकलं. प्रेशर हॉर्न नाही, गावच्या म्हशी तसाही कोणाचा हॉर्न ऐकत नाहीत. सायलेन्सर आहे तोच. वूफरऐवजी साधा स्टिरिओ, पण वायर कापून टेप गुंडाळायची नाही, फ्यूज टाकून कपलरनं जोडायची, एवढं मी उभं राहून करून घेतलं. कोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात ते वेगळंच. त्यावर गावचा उपाय म्हणजे बोनेटखाली तंबाखूची पुडी. भाऊजींची एकच मागणी होती, चेंबर गार्ड. पांदण रस्त्यावर मधला उंचवटा आणि त्यातून वर आलेला दगड. खालून चेंबर फुटला की सगळं ऑइल वाहून जातं आणि कळायच्या आत इंजिन जाम. गार्ड बसवताना भाचा फोन बघत होता. जे गाडीच्या पोटाखाली जाणार त्याचा फोटो कसा काढणार?

नंबर प्लेटचा विषय सरकारनंच मिटवला होता. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही आता ती उच्च सुरक्षा प्लेट लागते, आकडे ठरलेल्या वळणाचे, लेझरचा क्रमांक, एकदा बसवली की काढता न येणारं कुलूप. ४१४१ चा ‘दादा’ आणि ८०५५ चा ‘बॉस’ अशी एक अख्खी कलाच त्यात बुडाली. मला तिचं थोडं वाईट वाटतं, आकड्यांना इतक्या प्रेमानं वाकवणारे पेंटर पुन्हा होणार नाहीत. राहिली मागची काच. आमच्या भागात मागच्या काचा वाचत गेलं तर कोण कुठला ते विचारावं लागत नाही. जय सेवालाल, जय सेवा, जय भीम, जय शिवराय, श्री गजानन. आईबाबांचा आशीर्वाद तर सगळ्यांचाच. स्टिकरवाल्यानं अल्बम पुढे केला. पोरगं उलटसुलट पानं चाळत राहिलं. शेवटी त्यानं आधी त्या नागपूरच्या शाळेचं उरलेलं स्टिकर काढायला सांगितलं. ब्लेड, रॉकेलचा बोळा, मग साबण. ते पूर्ण निघाल्यावर काचेवरून हात फिरवून म्हणाला, "राहू द्या आता. लिहायचं काय ते मंग पाहू."

माझ्या नवऱ्यानं आमच्या गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक तीन उन्हाळे काढलं नव्हतं, त्याची मला उगाच आठवण झाली. घामानं पाठ चिकटायची, उठताना चर्र आवाज यायचा, पण काढायचं नाही. गाडी नवी राहिली पाहिजे! काही माणसं गाडी आपली करायला तिला सजवतात, काही तिला हातच लावत नाहीत. दोघांचाही मला तेवढाच वैताग येतो.

पाऊस पडला, पेरण्या आल्या. परवा भाच्याचा फोन. आवाज रडकुंडीला आलेला.

"मावशी, बाबानं मागची सीट काढली."

"काऊन?"

"डीएपीच्या थैल्या आणाले. दारव्ह्यात खत आलं म्हणे. पाना घेतला अन् खोलली न् काय, मले विचारलं बी नाही. मी म्हटलं सीट कव्हर नवे आहेत, तं म्हणते माय काढून घडी करून ठेवन."

"मग गाडी कोणी नेली?"

"मीच नेली. त्याहिले कुठी चालवता येते? सहा थैल्या होत्या. मागून पार बसली होती गाडी. टायरात हवा वाढवून घेतली मी आधी." थोडं थांबून म्हणाला, "अन् तो खताचा वास जात नाही. परफ्यूम कोणता घेऊ? डब्बीवाला की टांगाचा?"

"आधी सीट बसवून घे."

"ते नाही म्हणते. अजून युरिया आणायचा आहे."